ज्याने वापरलं त्याने धुवायचं

"मैडम, नियम आपने बनाया है। तो पहले आप करके दिखाइए।"

प्रिन्सिपल सरांनी हे सगळ्या वर्गासमोर म्हटलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

मी केमिस्ट्री लॅबच्या सिंकपाशी उभी होते. मागे बारावीची मुलं-मुली स्टुलांवर बसलेली. दारात प्रिन्सिपल सर. त्यांच्या शेजारी गादीची खुर्ची, ऑफिसातून मुद्दाम आणवलेली. तिच्यावर सानिकाची आई. सानिका माझी विद्यार्थिनी, आणि तिचे वडील शाळेच्या कमिटीवर. ओट्यावर काचेचा ढीग पडला होता. आदल्या दिवशी कुणी काही धुतलं नव्हतं, सरांनी धुवू दिलंच नव्हतं. टेस्ट ट्यूबा, बीकर, फ्लास्क. काहींच्या बुडाशी परमँगनेटचा तपकिरी थर बसलेला. काहींच्या आत चांदीचा आरसा चढून काळा पडलेला.

मी बाह्या सारल्या. ब्रश उचलला. नळ सोडला.

किती वेळ धूत होते सांगता येत नाही. पाण्याचा आवाज, ब्रशचा आवाज. मागून कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग सानिकाच्या आईचा आवाज आला. मराठीत. इतका वेळ ती सरांशी हिंदीत बोलत होती. वर्गात बाकी कुणाला मराठी येत नव्हती. मला येत होती, आणि तिच्या मुलीला.

"बघ सानू, कसं सफाईनं धुतात. पिढ्यानपिढ्यांचा हात बसलेला असतो."

माझ्या हातातली ट्यूब फुटली नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी काहीतरी फुटतं. काही फुटलं नाही. मी ती ट्यूब विसळली, स्टँडवर उलटी ठेवली आणि पुढची घेतली.

सगळी धुतली.

मी का धुतली, हे कुणी विचारलं तर माझ्यापाशी एकच उत्तर आहे. नोकरी. जबलपूरच्या राइट टाउनातली ती शाळा. दर वर्षी नवा करार. प्रिन्सिपल सरांनी सही केली तर आहे, नाही केली तर नाही. घरात मी आणि बाबा. आई गेलेली. बाबा रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतकामाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होते. धुरानं छाती गेली तसं त्यांना घरी बसवलं. आता जिना चढले तरी भिंतीला हात टेकून उभे राहतात. औषध माझ्या पगारातून, पीठ माझ्या पगारातून. हे ज्याला माहीत आहे तो माणूस दारात उभा राहून म्हणतो, करके दिखाइए. माणूस करून दाखवतो.

आमचे आजोबा भंडाऱ्याकडून आले. इथल्या फॅक्टऱ्यांत हातांना काम होतं आणि कुणी गाव विचारत नव्हतं, असं ते म्हणत. आम्ही बौद्ध. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. जबलपुरात मराठी माणसं पुष्कळ आहेत. रेल्वेत आहेत, सरकारी ऑफिसांत आहेत, फॅक्टऱ्यांत आहेत. आणि काही घराणी फार जुनी. मराठ्यांच्या राज्यात चाकरीला आली ती इथलीच झाली. सानिकाचं घर त्यातलं. वरची जात, जुना मान, शाळेच्या कमिटीवर खुर्ची.

मी शाळेत नवी असताना पालकसभेत सानिकाच्या आईनं माझं बोलणं ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला. "अय्या, तुम्ही मराठी? किती बरं वाटलं." तिनं माझा हातसुद्धा धरला. कुठल्या, विचारलं. भंडाऱ्याकडच्या, म्हटलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली.

हात सुटला. त्यानंतर ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलली. सिंकच्या दिवसापर्यंत.

नियमाचं सांगते. सगळं त्यावरूनच झालं.

सत्राच्या पहिल्या तासाला मी शिकवत नाही. नियम सांगते. लॅबमध्ये ॲप्रनशिवाय यायचं नाही. चपला चालणार नाहीत, बंद बूट पाहिजेत. केस बांधायचे. बाटलीतून काढलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. काही चाखायचं नाही, हुंगायचं तर हातानं वारा घेऊन. उशिरा आलेला त्या दिवशी नुसता बघेल. दुसऱ्याची फाइल उतरवून काढली तर देणारा आणि घेणारा, दोघांनाही शून्य. आणि शेवटचा. ज्याने वापरलं त्याने धुवायचं. टेबल घाण ठेवून गेलं तर त्या प्रॅक्टिकलला शून्य. सगळ्यांना सारखं. माझ्या स्वतःच्या डेमोची भांडीही मीच धूत होते, पहिल्यापासून.

बाकीचे नियम कुठल्याही शाळेत असतात. शेवटचा माझा होता. तो मी कुठून आणला ते मला माहीत आहे.

मी अकरावीत होते तेव्हा आमच्या शाळेत ग्रुप करायचे. प्रत्येक ग्रुपात आमच्यासारखी एक-दोन पोरं घालायचे. चांगल्या घरची मुलं ब्युरेटची काचनळी धरायची, रंग बदलला की ओरडायची, आकडा लिहायची. मॅडम म्हणायच्या, तुम लोग धो लो. तुम लोग म्हणजे कोण, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. आम्ही आपोआप उठायचो. दोन वर्षं मी दुसऱ्यांची भांडी धुतली. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला पहिल्यांदा ब्युरेट हातात आली तर तिची चावी कुठल्या बाजूला फिरवायची ते मला कळेना. बाहेरून आलेले परीक्षक हसले. म्हणाले, दोन साल क्या किया?

दोन वर्षं काय केलं ते मी त्यांना सांगितलं नाही. पण पुढे एम.एस्सी. झाले, बी.एड. केलं, आणि ठरवलं की माझ्या लॅबमध्ये हातात ब्युरेटही सगळ्यांच्या येईल आणि ब्रशही.

पोरांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली. मग सवय झाली. सानिकासुद्धा धुवायची. हुशार पोर. टायट्रेशनमध्ये तिचा हात फार हलका, एका थेंबावर थांबायची. मला ती आवडायची, हे खरं आहे.

मग तिच्या घरात लग्न निघालं. ती कोपरापर्यंत मेंदी लावून आली. प्रॅक्टिकल केलं आणि परमँगनेटचा बीकर तसाच ठेवून निघाली. मी थांबवलं. ती म्हणाली, मेंदी खराब होईल. मी म्हटलं, ग्लव्ह्ज आहेत. ती म्हणाली, मम्मीने मना किया है, सबके जूठे सिंक में हाथ नहीं डालना. आणि गेली.

मी शून्य दिलं. त्याच आठवड्यात मी आणखी दोघांना शून्य दिलं होतं. त्यांच्या आया आल्या नाहीत.

सानिकाची आई आली. प्रिन्सिपलच्या ऑफिसात मला बोलावलं. मला बस म्हटलं नाही. ती हिंदीत, सरांकडे बघत बोलली, मी तिथे नसल्यासारखी. आमची मुलगी शिकायला येते, मोरीवर बसायला नाही. ही मॅडम मुद्दाम करते. ह्या लोकांच्या मनात राग असतो, तो आमच्या पोरांवर काढतात. सरांनी मला सांगितलं, नियम काढून टाका आणि मार्क भरा. मी म्हटलं, सर, नियम काढायचा तर पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी काढू. या वर्षीचं शून्य राहील, तिघांचंही.

सर हसले. "नियम सबके लिए एक जैसे नहीं होते, मैडम। इतना तो समझा करिए।"

मी समजले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सिंक.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसून श्वास मोजल्यासारखे घेत होते. सगळं ऐकलं. मग म्हणाले, "धुतल्यानं हात झिजत नाहीत, बेटा. नोकरी गेली तर घर झिजते. सहन कर." मी म्हटलं, बाबा, ती मराठीत बोलली. ते म्हणाले, "ऐकली ना? मग विसरून जाय."

मी विसरायचा प्रयत्न केला. खरंच केला.

पण शाळा विसरली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मुलं भांडी तशीच टाकून जाऊ लागली. कुणी बोलायचं नाही, नुसतं ठेवून जायचं. एकदा दारातून आवाज आला, रहने दे, मैडम धो देंगी. लॅबमधल्या मदतनीस भैयाला ऑफिसातून बजावलं होतं की तू हात लावायचा नाही. त्याचंही पोट होतं. शाळा सुटली की मी एकटी सिंकवर उभी राहायची. बोटांना भेगा पडल्या. कणीक मळताना मीठ लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बाबा विचारायचे, काहून रडून राहिली? मी म्हणायची, कांदा.

मी स्कूटर घराबाहेर लावून तशीच बसून राहायची. आत जायला पाय उचलत नव्हते, शाळेत जायला तर नव्हतेच. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीवर नजरा जाणवायच्या. रिअ‍ॅक्शन लिहिताना बॅलन्स चुकायचा. शिकवणं ही एकच गोष्ट मला येत होती, तीही जाऊ लागली. जगून कुणाचं काय भलं होणार आहे, असं मनात यायचं, आणि ते इतक्या सहज यायचं की मला माझीच भीती वाटू लागली. बाबा आतून खोकायचे. तो आवाज ऐकून मी उठून आत जायची.

असेच दिवस गेले. मग बोर्डाच्या प्रॅक्टिकलआधीचा सराव आला.

वर्गात सुमंत्रा नावाची एक मुलगी होती. गोंड. कुंडमच्या पुढे जंगलात तिचं गाव. शहरातल्या आदिवासी मुलींच्या होस्टेलात राहायची आणि स्कॉलरशिपवर आमच्या शाळेत आली होती. बोलायची फार कमी. पण सॉल्ट ओळखायला दिलं की तिची नजर त्या ट्यूबवरून हलायची नाही. ती मला एकदा म्हणाली होती, मैडम, हमारे यहाँ नर्स भी नहीं आती, मैं फार्मेसी करूँगी. तिला हातात सगळं करायला मिळायचं ते त्या एका नियमामुळे. नाहीतर ग्रुपात तिला कोण ब्युरेट देणार होतं?

त्या दिवशी मी ऑफिसातून लॅबमध्ये आले तर तिची ब्युरेट स्टँडला तशीच होती, अर्धी भरलेली. ती सिंकवर होती. दोन्ही बाजूंनी मुलांनी भांडी आणून ठेवलेली. सानिकाची, सानिकाच्या मैत्रिणींची, मागच्या टेबलावरच्या पोरांची. ती मान खाली घालून धूत होती. मी विचारलं, कुणी सांगितलं? ती दचकली. म्हणाली, कुणीच नाही, मैडम. आप भी तो धोती हैं.

मी तिथेच उभी राहिले. कानात नुसता नळाचा आवाज.

कुणीच सांगितलं नव्हतं. ती आपोआप उठली होती. मी उठायची तशी. आणि तिला उठायला मी शिकवलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की मी माझा अपमान गिळते आहे. माझा आहे, मी गिळेन, कुणाचं काय जातं. पण वर्ग बघत होता. मी रोज सिंकवर उभी राहून त्या पोरांना एकच धडा देत होते, की धुणारी माणसं वेगळी असतात. केमिस्ट्री कुणाच्या लक्षात राहिली असेल-नसेल, हा धडा पाठ झाला होता.

मी नळ बंद केला. सुमंत्राच्या हातून ट्यूब काढून घेतली. तिला म्हटलं, जा, तुझी रीडिंग पूर्ण कर. मग ओट्यावरचं एकेक भांडं उचललं आणि ज्याचं त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ओलं, घाणेरडं, जसं होतं तसं. कोण कुठे बसतं, कुणी काय वापरलं, मला सगळं ठाऊक होतं. लॅबमध्ये कुणी हलत नव्हतं. 

सानिकासमोर बीकर ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मैडम, मैं मम्मी को बता दूँगी।"

मी तिला मराठीत उत्तर दिलं. तिला कळावं म्हणून. "सांग. आणि हेही सांग की माझा हात पिढ्यानपिढ्या बसलेला होता. आजपासून तो उठला."

तिनं मान खाली घातली. बाकीच्यांना मी हिंदीत सांगितलं की टेबल साफ झाल्याशिवाय कुणाच्याही फाइलवर मी सही करणार नाही. काही पोरं उठली आणि धुवायला लागली. काही बसून राहिली. सानिका बसून राहिली.

मधल्या सुट्टीच्या आत मला बोलावणं आलं. सरांनी अट घातली. उद्या सकाळी वर्गासमोर माफी, तीही हात जोडून. मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, वडिलांचं काय करणार? त्यांना बाबांचं सगळं माहीत होतं, मीच कधीतरी सुट्टी मागताना सांगितलं होतं. मी परत नाही म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं. नहीं, सर।

त्याच दिवशी लॅबची किल्ली काढून घेतली. करार पुढे झाला नाही. मी आणखी शाळांत गेले. एका ठिकाणी डेमो लेक्चर चांगलं झालं, मग फोनच आला नाही. दुसऱ्या ठिकाणी तोंडावरच सांगितलं, आपका स्वभाव ज़रा तेज़ है, ऐसा सुना है। शहर मोठं आहे, पण कमिटीवाले एकमेकांना ओळखतात.

सुमंत्रानं केमिस्ट्रीची परीक्षा दिली. प्रॅक्टिकलला तिला जेमतेम पास केलं. तेवढ्या मार्कांत फार्मेसीचं राहिलं. ती गावी गेली. मी होस्टेलात चौकशीला गेले तेव्हा तिची खाट दुसऱ्या मुलीला दिलेली होती.

बाबा काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा पुढे सरकवताना म्हणाले, "काय भेटलं तुले?" मी चहा उचलला. एक औषध आता एक दिवसाआड घेतात. गोळी लपवतात आणि घेतली म्हणून सांगतात. मला कळतं. 

मी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. जातीवरून केलेल्या अपमानाला कायदा आहे, तो मी वाचला आहे. ठाण्यात तक्रारी लिहून घेणारे हवालदार, मुंशीजी, भले वाटले. पाणी दिलं. मग विचारलं, बाई नेमकं काय बोलल्या? मी सांगितलं. कुठल्या भाषेत? मराठीत. "तो किसने समझा?" त्यांनी पेन खाली ठेवलं. पूर्ण वर्ग साक्षीला होता आणि एकालाही शब्द कळला नव्हता. एक सोडून.

मी सानिकाला भेटले. कॉलेजच्या फॉर्मसाठी ती शाळेत आली होती, गेटबाहेर ऑटोची वाट बघत होती. मी मराठीत विचारलं, तू ऐकलंस ना? ती रस्त्याकडे बघत राहिली. ऑटो आली. चढताना म्हणाली, "मैंने कुछ नहीं सुना, मैडम।"

तिनं ऐकलं होतं. माझ्या मागे ती किती अंतरावर बसली होती ते मला माहीत आहे.

पुन्हा गेले तेव्हा मुंशीजी म्हणाले, समझौता कर लो, मैडम। सानिकाच्या घरचा माणूस येऊन गेला होता. शाळा चांगलं प्रमाणपत्र देईल, दुसरीकडे लागाल, बूढ़े बाप का सोचिए। बाबांचा विचार करा, हे मला प्रत्येक जण सांगतो. ज्यांनी बाबांचं औषध निम्म्यावर आणलं ते तर जास्तच सांगतात.

आज मी ठाण्यात परत आले आहे. सकाळपासून बाकावर बसले आहे. मुंशीजींनी मला बघून फाइलमध्ये डोकं घातलं. मग जेवायला गेले, मग आले. मी उठून टेबलापाशी गेले आणि म्हटलं, लिहा. तिनं काय म्हटलं ते मी मराठीत सांगते, तुम्ही देवनागरीत जसंच्या तसं लिहा. ते खरं की खोटं, ते कोर्ट बघेल. कोर्टाला मराठी समजणारा माणूस सापडेल. आणि सानिकाचं नाव साक्षीदारात लिहा. तिला तिथे उभं राहून, शपथ घेऊन सांगू दे की तिला तिच्या आईची भाषा कळत नाही.

ते म्हणाले, साहेब येऊ द्या. मी म्हटलं, येऊ द्या.

साहेब आज येतील की नाही माहीत नाही. आले तरी लिहितील की नाही माहीत नाही. लिहिलं तरी जिंकेन, असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी स्वतःलाही सांगत नाही. बाबा घरी वाट बघत असतील. पण माझं म्हणणं कागदावर येईपर्यंत मी या बाकावरून हलणार नाही. आज उठवलं तर उद्या येईन. इथे नाही घेतलं तर याच्या वरच्या साहेबाकडे जाईन, तिथून त्याच्या वर. विसरून जा म्हणणारे थकतील. मी थकणार नाही.